गाडी तिकडे, ड्रायव्हर इकडे

लुईस हॅमिल्टन आयुष्यात सर्वांत आधी ज्या गाडीने शर्यतीत उतरला, तिच्यात तो बसूच शकत नव्हता. १९९१ साली वडिलांनी त्याला रिमोटची गाडी आणून दिली, तेव्हा पोरगं सहा वर्षांचं होतं. पुढच्याच वर्षी ब्रिटिश रेडिओ कार असोसिएशनच्या राष्ट्रीय स्पर्धेत मोठ्या बाप्यांच्या बरोबरीने खेळून त्याने दुसरा नंबर काढला. बीबीसीच्या 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमातही तो आपली गाडी घेऊन झळकला. पुढे तो सात वेळा फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. मला मात्र उत्सुकता आहे ती त्या वर्षी पहिल्या आलेल्या गृहस्थाची. 'हॅमिल्टनला मी हरवलंय' हे वाक्य त्याने आजवर किती लग्नांत आणि किती ऑफिसांत ऐकवलं असेल!

रिमोटची गाडी म्हटली की आपल्याला वाढदिवसाची ती गाडी आठवते, जी संध्याकाळी खोक्यातून निघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पलंगाखाली तीन चाकांवर सापडते. शर्यतीची आरसी, म्हणजे रेडिओ कंट्रोल, कार ही वेगळी जात आहे. ती बहुतेक वेळा सुट्या भागांच्या पाकिटांत येते आणि ज्याची त्यानेच जोडायची असते. तिला शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतात, त्यात कोणत्या घट्टपणाचं तेल भरायचं यावर वाद असतात, टायरचे दहा प्रकार असतात. वर्ल्ड चॅम्पियनशिप आहे, स्पॉन्सर आहेत, पगारी ड्रायव्हर आहेत. मोठ्या मोटारशर्यतीत जे जे असतं ते सगळं आहे, फक्त ड्रायव्हर गाडीत नाही. तो लांब एका मचाणावर रिमोट धरून उभा असतो. या खेळातल्या निम्म्याअधिक गमती या एका गोष्टीतून निघतात.

बोट, बस आणि फेरारी

या खेळाचा पणजोबा निकोला टेस्ला. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याची टाकी मांडून त्याने एक छोटी बोट लांबून, तारेशिवाय चालवून दाखवली. रेडिओ हा प्रकारच लोकांना ठाऊक नव्हता. कुणाला ती जादू वाटली, तर कुणी 'आत शिकवलेलं माकड बसवलंय' असा शोध लावला म्हणतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात टेस्लाला पेटंट मिळालं, आणि त्याच्या नावात त्याने जहाजांबरोबर 'वाहनं'ही घालून ठेवली होती. माणूस लांबचं बघायचा.

पण छोट्या गाड्यांच्या शर्यती सुरू झाल्या त्या रेडिओशिवाय. १९३० च्या दशकात अमेरिकेत टेदर कारचं वेड होतं. मधे खांब, खांबाला तार, तारेला इंजिनाची गाडी. एकदा सोडली की ती घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरणार. हँडल नाही, ब्रेक नाही, बघायचा तो फक्त वेग. हा प्रकार आजही टिकून आहे, आणि यातल्या १० सीसीच्या गाड्या ताशी ३०० किलोमीटरचा आकडा ओलांडतात. खांबाजवळ फिरकायला कोणी जात नाही, हे सांगायला नकोच.

१९५५ साली जपानच्या मासुदाया कंपनीने रेडिओवर चालणारी पत्र्याची बस विकायला काढली. खेळण्यात रेडिओ बसू शकतो हे त्या बसने दाखवलं. शर्यतीला शोभेल अशी गाडी मात्र इटलीत जन्मली. रेज्जो एमिलिया या गावातल्या 'एल्-जी' या छोट्या कंपनीने १९६६ साली १/१२ मापाची, विजेवर चालणारी फेरारी २५० एलएम बाजारात आणली. वर्षाअखेरीस ती लंडनच्या दुकानात पोहोचलीसुद्धा. खऱ्या फेरारीचं मारानेल्लो तिथून शेजारच्याच जिल्ह्यात. शर्यतीची पहिली आरसी गाडी फेरारीच निघावी, यात नवल नाही.

लगेच, १९६७ साली, अमेरिकेत या शर्यतींचे नियम करणारी संघटना उभी राहिली. तिचं लघुरूप 'रोअर'. गाड्या तळहातापेक्षा थोड्या मोठ्या, पण नाव सिंहाच्या डरकाळीचं.

एरंडेलाची गाडी

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला राज्य होतं ते १/८ मापाच्या नायट्रो गाड्यांचं. यांचं इंजिन साधारण साडेतीन सीसीचं. स्कूटरच्या इंजिनाशी तुलना केली तर हसू येईल, पण हे बारकं इंजिन मिनिटाला तीस हजारांहून जास्त फेरे मारतं. स्पार्क प्लग नाही. ग्लो प्लगची तार आधी दीड व्होल्टच्या सेलवर लाल करायची, एकदा इंजिन पेटलं की ती आपोआप तापलेली राहते.

आणि इंधन? मिथेनॉल, नायट्रोमिथेन, आणि वंगणासाठी तेल. ते तेल पिढ्यानपिढ्या होतं एरंडेल. हो, तेच! नाक दाबून, चमचा तोंडात कोंबून आजीने पाजलेलं. भयंकर उष्णतेतही ते इंजिनाच्या भिंतींना धरून राहतं, म्हणून मॉडेल इंजिनवाल्यांनी ते सोडलं नाही. आता कृत्रिम तेलंही मिसळतात, पण एरंडेलाचा अंश बऱ्याच डब्यांत अजून असतो. जगात सर्वांत जास्त एरंडेल भारतात निघतं, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या एखाद्या ट्रॅकवरच्या धुरात गुजरातच्या शेताचा वास असायला काही हरकत नाही.

या गाड्यांची टाकी अवघी १२५ सीसीची, आणि मोठी फायनल चालते तब्बल तासभर. म्हणजे दर काही मिनिटांनी पिट स्टॉप. मचाणावरून ड्रायव्हर ओरडतो, 'आलो!' खाली त्याचा पिटमन वाकून तयार. धावती गाडी येते, तो ती उचलतो, टाकीचं झाकण बोटाने उघडतो, इंधनाची बाटली दाबतो, झाकण बंद, आणि गाडी परत जमिनीवर. चार-पाच सेकंदांचं काम. इंजिन बंद पडलं तर खलास. ते परत चालू करेपर्यंत बाकीचे लॅप मारून गेलेले असतात. तासाभराच्या शर्यतीनंतर ड्रायव्हरचे अंगठे दुखतात आणि पिटमनचे गुडघे. बक्षीस मात्र ड्रायव्हरच्या हातात. जगाची रीतच आहे.

एका पोर्शचे हाल

आता तामिया. या नावाशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही. जपानच्या शिझुओका शहरात १९४६ साली ही लाकडाची वखार म्हणून सुरू झाली. १९५१ साली आग लागून माल खाक झाला, आणि मग कंपनी हळूहळू लाकडी मॉडेलांकडे आणि पुढे प्लास्टिकच्या मॉडेलांकडे वळली. मॉडेलवाल्यांच्या जगात १/३५ हे रणगाड्यांचं ठरलेलं माप आहे, आणि ते कुठल्या गणितातून आलं नाही. तामियाने आपल्या पँथर रणगाड्यात मोटर आणि सेल बसवायचं ठरवलं, सेल मावतील एवढा रणगाडा केला, मग मोजून पाहिलं तर तो १/३५ निघाला. सेलच्या आकाराने जगाचं माप ठरवलं.

सत्तरच्या दशकात कंपनीचे शुनसाकु तामिया यांना पोर्श ९३४ चं अगदी अस्सल मॉडेल करायचं होतं. जर्मनीच्या फेऱ्या मारून, फोटो काढूनही समाधान होईना. शेवटी त्यांनी सरळ एक खरी पोर्श ९११ विकत घेतली आणि ती खोलून तिचा एकेक भाग मोजला. खोलणं सोपं असतं. परत जोडायची वेळ आली तेव्हा गाडी काही जमेना, आणि पोर्शच्या जाणकारांना बोलावणं धाडावं लागलं. घरचा मिक्सर उघडून बसलेल्या कुणालाही यातली वेदना कळेल.

१/१२ मापाचं ते मॉडेल तयार झालं. एवढा खर्च वसूल कसा करायचा? त्याच गाडीखाली मोटर आणि रेडिओ बसवून १९७६ च्या अखेरीस तामियाने पोर्श ९३४ टर्बो आरएसआर ही आपली पहिली आरसी गाडी काढली. वर्षभरात एक लाखाहून अधिक गाड्या खपल्या. तोपर्यंत हा खेळ तेलकट हातांच्या मोजक्या मंडळींचा होता. आता घरात, गल्लीत, दारासमोर, विजेवर चालणारी गाडी कुणालाही जोडता येत होती.

१९७९ साली तामियाच्या सँड स्कॉर्चर आणि रफ रायडर या बग्या आल्या आणि गाड्या डांबर सोडून मातीत उतरल्या. १९८४ चे ग्रासहॉपर आणि हॉर्नेट तर इतके लाडके झाले की वीस वर्षांनी कंपनीने ते जसेच्या तसे पुन्हा काढले. घेणारे बहुतेक चाळिशीतले बाबा, आणि निमित्त मुलाचं. याच घराण्यातल्या १९८५ च्या 'वाइल्ड वन' बग्गीचा मोठा अवतार 'द लिट्ल कार कंपनी' या ब्रिटिश कंपनीने २०२१ साली जाहीर केला. 'वाइल्ड वन मॅक्स', विजेवर चालणारी, माणूस आत बसून चालवेल अशी. खऱ्या गाडीचं खेळणं होतं. इथे खेळण्याची खरी गाडी झाली.

डावं की उजवं?

नवख्याची पहिली फजिती ठरलेली. गाडी आपल्यापासून लांब जाते तोवर सगळं झकास. वळून आपल्याकडे यायला लागली की तिचं डावं ते आपलं उजवं होतं, आणि ती भिंतीला धडकते. खऱ्या गाडीत चाक घसरलं की ते आधी कंबरेला कळतं. इथे जे कळायचं ते डोळ्यांनी, आणि तेही तीस-चाळीस फुटांवरून. मुरलेले ड्रायव्हर सांगतात की गाडीकडे बघत राहायचं आणि मनाने आत जाऊन बसायचं. सांगायला काय जातं!

म्हणूनच गाडीच्या वरच्या कवचाची, म्हणजे बॉडीची, रंगसंगती हा नुसता नटवेपणा नसतो. दहा गाड्यांच्या गर्दीत आपली कोणती हे पापणी लवायच्या आत कळायला हवं. ही बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असते आणि रंग आतून मारतात, म्हणजे धडपडीत बाहेरून ओरखडा गेला तरी रंग शाबूत. पण आतून रंगवायचं म्हणजे क्रम उलटा. आधी बारीक रेघा आणि नक्षी, मग मोठे पट्टे, आणि सगळ्यात शेवटी मागचा रंग. एक पट्टा आधी मारायचा राहिला की राहिला. निऑन पिवळा-गुलाबी इतका का दिसतो, याचं उत्तरही इथेच आहे. सौंदर्यदृष्टी बिचारी मचाणाखाली उभी असते.

चिमट्याची लोकशाही

लहानपणी दोन मित्रांना एकसारख्या रिमोटच्या गाड्या मिळाल्या की काय व्हायचं ते आठवतं? एकाने रिमोट दाबला की दोन्ही गाड्या पळायच्या. शर्यतीतल्या लोकांना हीच डोकेदुखी जवळजवळ चाळीस वर्षं होती. प्रत्येक रिमोटमध्ये एक क्वार्ट्झ क्रिस्टल, गाडीत त्याचाच जोडीदार, आणि दोघांची फ्रिक्वेन्सी ठरलेली. २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे सहा रंग ठरवले होते, आणि आपल्या रंगाची फीत अँटेनाच्या टोकाला लावायची पद्धत होती. अँटेना म्हणजे रिमोटमधून निघालेला चांगला हात-दीड हात लांब दांडा. मचाणावर दहा जण, दहा दांडे.

चुकून कुणी आपल्याच रंगावर रिमोट चालू केला, की ट्रॅकवरच्या एका गाडीच्या अंगात यायचं आणि ती भलतीकडे सुसाट जायची. उपाय साधा होता. एका फळीवर प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा एकच कपड्यांचा चिमटा. चिमटा उचलून आपल्या अँटेनाला लावला तरच रिमोट चालू करायचा, काम झालं की चिमटा परत फळीवर. जगज्जेता असो की पहिल्यांदा आलेला पोरगा, चिमटा नाही तर गाडी नाही. मोठ्या स्पर्धांत तर रिमोटच जप्त करून ठेवायचे आणि आपला नंबर आल्यावरच हातात द्यायचे.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आले आणि चिमटे परत दोरीवर गेले. हे रिमोट आपापल्या गाडीशी खूणगाठ बांधून ठेवतात आणि सिग्नल पसरून किंवा उड्या मारत पाठवतात. या उड्यांच्या कल्पनेचं एक जुनं पेटंट १९४२ चं आहे, आणि ते हॉलिवूडची नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांच्या नावावर. त्यांना रेडिओवर चालणारा टॉर्पेडो शत्रूच्या अडथळ्यापासून वाचवायचा होता. पियानोच्या ८८ पट्ट्यांएवढ्या फ्रिक्वेन्सींवर उड्या मारायची त्यांची योजना होती. आरसी गाड्यांचा वंशवृक्ष काढायला बसलं तर त्यात ही बाईही कुठेतरी येते, आणि मला ते फार आवडतं.

सेलचे लाड

नव्वदच्या दशकात विजेच्या गाडीवाल्याचं घर पाहिलं असतं तर तो शर्यतीला चाललाय की प्रयोगशाळेत, असा प्रश्न पडला असता. गाडीत निकेल-कॅडमियमचे सहा सेल, मिळून ७.२ व्होल्ट. ऑफरोडची, म्हणजे मातीतली, एक हीट चार-पाच मिनिटांची, १/१२ मापाची आठ मिनिटांची. सगळं गणित एवढंच की बॅटरी शेवटच्या सेकंदाला संपली पाहिजे. आधी संपली तर गाडी शेवटच्या लॅपला रांगणार. उरली तर आपण उगाच सावकाश चालवली.

मग सुरू झाले सेलचे लाड. एका घाण्यातले सगळे सेल सारखे नसतात, म्हणून कॉम्प्युटरवर प्रत्येक सेल रिकामा करून मोजायचे आणि जुळणारे सहा एकत्र विकायचे. प्रत्येक सेलवर इवलं लेबल: इतके सेकंद चालला, सरासरी व्होल्टेज इतकं, तिसऱ्या दशांशापर्यंत. लग्नाच्या पत्रिका जुळवताना इतकं बारीक कोणी बघत नाही. त्याहून पुढचा प्रकार म्हणजे 'झॅपिंग'. मोठमोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठवून एका क्षणात ती सेलमधून सोडायची. सेलच्या आतले जोड आणखी घट्ट होऊन अंतर्गत रोध किंचित कमी व्हायचा आणि व्होल्टेजचा एक कण हाती लागायचा. त्या कणासाठी लोक जास्त पैसे मोजायचे, आणि आनंदाने मोजायचे.

लायपो बॅटऱ्या आणि ब्रशलेस मोटरी आल्या तेव्हा ही सगळी विद्या एका रात्रीत अडगळीत गेली. जिथे चार मिनिटं पुरवताना नाकी नऊ यायचे तिथे आता बॅटरी उरते. पण म्हणून कंजूषी संपली असं नाही, ती फक्त इलेक्ट्रॉनिक झाली. स्पीड कंट्रोलरमध्ये सॉफ्टवेअरने टायमिंग वाढवून मोटर जास्त पळवता येते. हौशी गटात ते चालत नाही. मग पकडायचं कसं? कंट्रोलर 'शून्य टायमिंग'वर असला की त्याचा दिवा लुकलुकत राहील, अशी सोय कंपन्यांनी केली. तपासनीस शर्यतीआधी फक्त दिवा बघतो. लुकलुकला तर पास. या गटाला सगळे 'ब्लिंकी'च म्हणतात. आरटीओने यातून काही शिकावं.

पाक

रस्त्यावरच्या आरसी शर्यतीत सगळं पकडीवर अवलंबून. गाडी दीड किलोच्या आसपास, तिला स्वतःचं वजन असं ते काय? मग टायरला पकड यायची कुठून? अमेरिकेत मोकळ्या पार्किंगच्या डांबरावर पट्ट्या आखून ट्रॅक करतात, आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यावर साखरेचं पाणी फवारतात. कधी कोल्ड्रिंकचं सिरप. वाळलं की रस्ता हलका चिकट होतो. चालताना बुटाखाली चर्र आवाज येईल इतपत. पाकाची तार साधायची असते. पाणी जास्त झालं तर उपयोग नाही, साखर जास्त झाली तर गाडी वळणावर पलटी. गुलाबजाम करणाऱ्या कुठल्याही घरात या लोकांना उत्तम सल्ला मिळेल.

हॉलमधल्या शर्यती गालिच्यावर होतात. कुठल्याशा हॉटेलची लग्नाची बॉलरूम भाड्याने घ्यायची, झुंबरांखाली राखाडी गालिचा अंथरायचा, आणि चार दिवस तिथे मुक्काम. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत क्लीव्हलंडला, तर कडाक्याच्या थंडीत फ्लोरिडातल्या ऑरलँडोला अशा स्पर्धा वर्षानुवर्षं भरल्या आहेत. गालिच्यावर स्पंजचे टायर, आणि त्यांना लावायचं औषध. जुन्या औषधांत विंटरग्रीनचं तेल असायचं, म्हणजे कंबरदुखीच्या मलमाला जो वास येतो तोच. शंभर लोकांनी एकाच वेळी टायरना ते चोपडलं की हॉलभर वृद्धाश्रमाचा दरवळ. पुढे कित्येक ठिकाणी 'बिनवासाचंच औषध' असा नियम करावा लागला.

हरलास? मग उभा राहा

हा मला सगळ्यात आवडलेला नियम. गाडी उलटली तर ड्रायव्हर मचाणावर हतबल. मग सरळ कोण करणार? पगारी माणसं ठेवत नाहीत. आत्ताच ज्यांची हीट संपली ते खेळाडू रिमोट ठेवून ट्रॅकच्या वळणांवर जाऊन उभे राहतात आणि पुढच्या हीटमधल्यांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करतात. म्हणजे तुम्ही ज्याला हरवायला आलात, त्याचीच गाडी तुम्हाला पळत जाऊन उचलावी लागते, आणि तीही चटकन. टाळाटाळ केली तर तुमचा लॅप किंवा तुमची सर्वोत्तम फेरी कापली जाते. वर मचाणावरून सतत हाका: 'मार्शल! मार्शल!' जगज्जेतेही या ड्युटीतून सहसा सुटत नाहीत.

नियम एकच. धावणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, मग पडलेली उचलायची. जो उलट करतो तो घोटा चोळत बसतो.

लॅप मोजणं हाही एकेकाळी माणसांचाच उद्योग होता. कडेला वहीपेन घेऊन बसलेले मित्र, नातेवाईक, वैतागलेल्या बायका, प्रत्येकाला एक गाडी वाटून दिलेली. शिंक आली की एक लॅप गायब, आणि मग भांडण. गाडीत बसणारा इवला ट्रान्सपाँडर आला आणि अनेक संसार वाचले.

चौदा

माणसं या खेळात येतात आणि जातात, पण मासामी हिरोसाका हे नाव निघालं की जुने लोक अजून आवाज खाली आणतात. १/१० मापाच्या विजेच्या ऑफरोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा १९८५ साली कॅलिफोर्नियात डेल मारला झाली. १९८७ साली ती इंग्लंडमध्ये रॉम्सीला गेली. तिथे टू-व्हील ड्राइव्ह जिंकली जोएल जॉन्सन या अमेरिकनाने, आणि फोर-व्हील ड्राइव्ह जिंकली या सतरा वर्षांच्या जपानी मुलाने. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियात त्याने दोन्ही गट एकट्याने उचलले. कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर चौदा जागतिक विजेतेपदं होती. गाडीची देखभाल वडील करायचे. शिकवणी लावून, डोनेशन भरून जे होत नाही ते बापलेकांनी एका खोक्याभर स्क्रूंवर करून दाखवलं.

डर्टी हॅरीच्या मागे लागलेली गाडी

१९८४ साली टीम असोसिएटेडची आरसी१० ही बग्गी आली. सोनेरी छटेच्या अ‍ॅल्युमिनियमची तिची चॅसिस त्या काळच्या पोरांच्या स्वप्नात यायची. पण आरसी१० ची सर्वांत गाजलेली शर्यत ट्रॅकवर झालीच नाही. १९८८ च्या 'द डेड पूल' या सिनेमात डर्टी हॅरी झालेल्या क्लिंट ईस्टवुडच्या गाडीमागे सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून एक खेळण्यातली कॉर्व्हेट लागते, आणि तिच्यात बॉम्ब असतो. त्या कॉर्व्हेटच्या टपाखाली आरसी१० होती, आणि ती चालवत होता जे हॉल्सी, खराखुरा आरसी विश्वविजेता. 'बुलिट' या सिनेमातल्या, त्याच शहरातल्या प्रसिद्ध पाठलागाची ही सरळसरळ टिंगल होती. ईस्टवुड जिवाच्या आकांताने खरी गाडी पळवतोय, आणि आरशात गुडघ्याएवढीही नसलेली एक गाडी. सिनेमा विसरला जाईल, तो पाठलाग नाही.

वेगाचा विषय निघालाच आहे तर तोही उरकू. २०१४ साली अमेरिकेत युटाहमध्ये निक केस यांच्या बॅटरीवरच्या मॉडेल गाडीने ताशी ३२५.१२ किलोमीटरची गिनीज नोंद केली. आपल्या वंदे भारतच्या दुप्पट. ही गाडी वळत वगैरे नाही, फक्त सरळ जाते, आणि थांबायला बरीच जागा लागते.

पवई ते प्लंबिंग

आपल्याकडे हा खेळ महाग पडतो, कारण गाडीपासून टायरपर्यंत बहुतेक माल बाहेरून येतो. तरी मुंबईत पवईच्या आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये 'फुल थ्रॉटल' नावाची इंजिनवाल्या आरसी गाड्यांची शर्यत इंजिनीअरिंगच्या पोरांमध्ये चांगलीच गाजली. हॉस्टेलच्या खोलीत जोडलेल्या गाड्या, आणि ट्रॅकभोवती मेकॅनिकलवाल्यांचा आरडाओरडा. ज्यांना गाडी परवडली नाही त्यांच्या पिढीने ती पीसीवर चालवली. १९९९ चा 'री-व्होल्ट' हा गेम आठवतो ना? सुपरमार्केटच्या फडताळांमधून, म्युझियमच्या गुळगुळीत फरशीवरून रिमोटच्या गाड्या. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून कितीतरी जणांनी तो खेळला. फरशीवर गाडी घसरते तशीच खऱ्या आरसीतही घसरते, हे त्यांना पुढे कळलं.

घसरण्यावरून आठवलं. इतकी वर्षं पाक, औषधं, स्पंज यांत घालवून मिळवलेली पकड नको म्हणणारी एक टोळी जपानमध्ये निघाली. आरसी ड्रिफ्ट. इथे पहिला कोण येतो हा प्रश्नच नाही; गाडी किती तिरकी घसरली, पुढच्या गाडीला किती चिकटून घसरली, यावर परीक्षक गुण देतात. त्यासाठी पकडच नसलेले टायर हवे होते, आणि ते कुठलीच कंपनी करत नव्हती. मग पोरांनी नळकामाच्या दुकानातून पीव्हीसी पाइप आणला, करवतीने चकत्या कापल्या आणि रिमवर ठोकून बसवल्या. झकास चाललं. आता कंपन्या तशाच कडक प्लास्टिकचे टायर छान पाकिटात घालून विकतात, अर्थात पाइपच्या भावाने नाही.